मोडलेल्या पायाचा क्लेम: ‘डबल इन्डेम्निटी’ची फाईल

माणसाचा पाय मोडलाय. अपघात विमा उतरवलेला आहे. मग तो क्लेम का टाकत नाही?

क्लेम मॅनेजर बार्टन कीजला हा प्रश्न रात्री पडतो आणि दोन तासांपूर्वीचं जेवण त्याच्या घशाखाली उतरेनासं होतं. तो उठून थेट आपल्या सहकाऱ्याच्या घरी येतो, कारण असलं काही बोलायला त्याला दुसरं कुणी नाही. सहकारी म्हणजे वॉल्टर नेफ, कंपनीचा हुकमी विक्रेता. ज्या मृत्यूने कीजची झोप उडवली आहे, तो खून नेफनेच केलाय.

दिग्दर्शक बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ हा हॉलिवूडचा चित्रपट १९४४ चा. पडद्यांच्या फटींतून भिंतीवर पडणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, सोनेरी केसांची घातकी बाई, मरणाच्या दारात बसून आपली गोष्ट सांगणारा पुरुष. फिल्म नॉयर, म्हणजे काळोख्या वळणाचे अमेरिकन गुन्हेपट, म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं बरंचसं या एका चित्रपटाने पक्कं केलं. १९४६ मध्ये युद्धानंतरच्या पॅरिसमध्ये अमेरिकन चित्रपट पुन्हा लागले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकाने ज्या मोजक्या चित्रपटांना उद्देशून ‘नॉयर’ हा शब्द वापरला, त्यांत हा होता.

या चित्रपटाबद्दल लिहिताना खटला बहुतेक वेळा त्या घातकी बाईवर, फिलिस डिट्रिक्सनवर चालतो. तिने जाळं टाकलं, भला माणूस अडकला. मी हा चित्रपट विम्याच्या फाईलसारखा वाचतो, आणि फाईल वेगळं सांगते. नेफला फिलिसने बिघडवलं नाही. तो आधीच तयार होता. त्याला वाचवू शकणारा माणूस त्याच ऑफिसात बसत होता आणि त्याने हातही पुढे केला होता.

प्रकरण काय आहे

लॉस एंजेलिस, १९३८. पॅसिफिक ऑल रिस्क कंपनीचा नेफ गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला एका स्पॅनिश धाटणीच्या बंगल्यावर जातो. मालक डिट्रिक्सन तेलाच्या धंद्यातला, घरी नसतो. घरात असते त्याची दुसरी बायको, फिलिस. दुसऱ्या भेटीत ती विचारते, नवऱ्याला न कळवता त्याचा अपघात विमा काढता येईल का? नेफ तिथल्या तिथे ओळखतो की बाईला नवरा मेलेला हवाय. तो नकार देऊन निघून जातो. त्याच संध्याकाळी ती त्याच्या दारात उभी राहते आणि तो हो म्हणतो.

मग सहीचा प्रसंग. घरी एजंट येतो, गप्पा होतात, जिथे बोट ठेवेल तिथे सही करायची. आपल्याकडे किती घरांत विम्याचे कागद असेच सही होतात! डिट्रिक्सन तेच करतो. गाडीच्या विम्याची दुसरी प्रत समजून तो ज्या कागदावर सही करतो, तो त्याच्या स्वतःच्या जिवावरचा ५०,००० डॉलर्सचा अपघात विमा असतो. पहिल्या बायकोची मुलगी लोला शेजारीच पटावरचा खेळ खेळत बसलेली असते. नेफला साक्षीदार हवा असतो, तो आयता मिळतो.

शीर्षकातली गोम इथे आहे. एलआयसीच्या पॉलिसीतलं ‘डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट’ आपल्या ओळखीचं आहे. अपघाती मृत्यू आला की विम्याच्या रकमेइतकी रक्कम वर मिळते. चित्रपटातलं कलम त्याहून अरुंद आहे. सहसा न घडणाऱ्या काही अपघातांसाठीच दुप्पट भरपाई, आणि त्यातला एक म्हणजे रेल्वेगाडीवरचा मृत्यू. गिऱ्हाइकाला भुलवायला घातलेलं हे कलम आहे हे नेफ जाणतो, कारण तेच दाखवून तो पॉलिसी विकत आलाय. म्हणून तो हट्ट धरतो: मरण रेल्वेवरच आलं पाहिजे, ५०,००० चे १,००,००० झालेच पाहिजेत.

हा हट्ट फिलिसचा नाही. तिला नवरा मेलेला हवा होता. दुप्पट रक्कम, रेल्वे, कुबड्या, वेळापत्रक हे सगळं नेफच्या डोक्यातून आलंय. हा चित्रपट ज्या कबुलीतून उलगडतो, तिच्यात तो स्वतःच सांगतो, की कॅसिनोतल्या रूलेटच्या चाकामागे उभं राहून गिऱ्हाइकांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला एक दिवस वाटायला लागतं, कॅसिनोलाच कसं लुटता येईल ते मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. चाकाला हात लावायला फक्त समोर कुणी पैसे मांडणारं हवं होतं.

जिन्यावरची बाई

फिलिस पहिल्यांदा दिसते ती वरच्या मजल्यावर, टॉवेल गुंडाळलेली. ऊन खात पडली होती. कपडे करून ती खाली येते तेव्हा कॅमेरा तिच्या पायांबरोबर जिना उतरतो. घोट्याशी एक साखळी चमकते, तिच्यावर नाव कोरलेलं आहे. नेफची नजर त्या साखळीवरून हटत नाही, आणि त्याची नजर तिथे आहे हे तिला बरोबर कळतं. पुढचं संभाषण वरवर वाहनांच्या वेगमर्यादेबद्दल चालतं. सेन्सॉरच्या त्या काळात याहून उघड बोलता आलं नसतं, आणि उघड बोलले असते तर दृश्य इतकं तापलं नसतं.

बार्बरा स्टॅनविक तेव्हा अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त मिळकतीच्या स्त्रियांपैकी होती. खुनी बाईची भूमिका घ्यायला ती कचरली, तेव्हा वाइल्डरने तिला विचारलं होतं, की तू अभिनेत्री आहेस की उंदीर. तो सोनेरी टोप त्यानेच तिच्या डोक्यावर चढवला. पॅरामाउंट स्टुडिओच्या एका वरिष्ठाला तो बघून जॉर्ज वॉशिंग्टनची आठवण झाली म्हणतात. टोप नकली दिसतो हे खरं आहे, आणि माझ्या मते तो तसाच हवा. हिच्यात सगळंच दुकानातून आणून चिकटवलेलं आहे, आणि नेफला ते दिसतं. कबुलीच्या पहिल्या काही मिनिटांत तो घराची किंमत, जिना, साखळी, अत्तर यांचा हिशेब मांडतो. फसलेला माणूस इतकं बारकाईने बघत नाही.

आपल्याकडे अशा बाईला पटकन ‘विषकन्या’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण इथे बसत नाही. ‘मुद्राराक्षसा’तली विषकन्या कुणीतरी कुणावर तरी सोडलेली असते, अमात्य राक्षसाने ती चंद्रगुप्तासाठी योजली आणि चाणक्याने पर्वतकाकडे वळवली. विष तिचं, पण डाव दुसऱ्याचा. फिलिसला कुणी पाठवलेलं नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची ती परिचारिका होती, ती बाई न्यूमोनियाने गेली आणि परिचारिका घरधनीण झाली. आता ती एका अशा घरात आहे जिथे नवरा तिच्याशी धड बोलत नाही आणि मृत्युपत्रात सगळं मुलीच्या नावावर आहे. यातलं काहीच खुनाचं समर्थन ठरत नाही. पण हे एका माणसाचं आयुष्य आहे, आणि स्टॅनविक ते विसरू देत नाही.

खरी बाई, खरी पॉलिसी

गोष्टीचं मूळ न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आहे. मार्च १९२७ मध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर, कॉर्सेट विकणारा जड ग्रे, यांनी तिच्या नवऱ्याला, अल्बर्ट स्नायडरला ठार केलं. त्याच्या जिवावर दुप्पट भरपाईच्या कलमाचा विमा होता. बनाव इतका कच्चा होता की दोघं लगेच सापडले आणि पकडल्यावर एकमेकांवर उलटले. १२ जानेवारी १९२८ ला सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवलं गेलं. टॉम हॉवर्ड नावाच्या छायाचित्रकाराने घोट्याला कॅमेरा बांधून रूथचा त्या क्षणीचा फोटो चोरून काढला आणि न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने तो पहिल्या पानावर छापला.

बातमीदारीतून आलेल्या जेम्स एम. केनने या बातमीतून कादंबरिका लिहिली आणि एक मोठा बदल केला: विमा विकणारालाच खुनी केलं. खऱ्या प्रकरणात दोन उतावीळ माणसं होती. केनच्या गोष्टीत यंत्रणेतला माणूस यंत्रणेवर उलटला. १९३५ मध्ये स्टुडिओंना ती हवीहवीशी वाटली, पण हॉलिवूडच्या नीतिनियमांचा रखवालदार जोसेफ ब्रीन याच्या एका पत्राने सगळे मागे सरले. २५,००० डॉलर्स मागणाऱ्या केनला अखेर १९४३ मध्ये पॅरामाउंटकडून १५,००० मिळाले.

वाइल्डरचा नेहमीचा लेखनसोबती चार्ल्स ब्रॅकेट यात पडायला तयार नव्हता, म्हणून रहस्यकथाकार रेमंड चँडलर आला. त्याने तोवर एकही पटकथा लिहिलेली नव्हती. दोघांचं अजिबात जमलं नाही. पण चँडलरने एक गोष्ट लवकर ओळखली: केनचे संवाद वाचायला धारदार आहेत, मोठ्याने म्हटले की पडतात. म्हणून पडद्यावरची भाषा नव्याने घडवली गेली. कीज इतका मोठाही पटकथेतच झाला, आणि या फाईलच्या दृष्टीने तीच मोठी भर आहे.

फोन वाजतो तेव्हा

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

कीज नेफच्या खोलीत येतो. त्याला एक मदतनीस नेमायचाय आणि त्याला नेफ हवाय. पगार ५० डॉलर्स कमी. नेफ हसण्यावारी नेतो. कीज चिडतो आणि बोलत सुटतो: क्लेमचं टेबल म्हणजे कागद आणि टाचण्या नाहीत, तिथे बसलेला माणूस डॉक्टर असतो, शोध घेणारा असतो, न्यायाधीश असतो, कबुली ऐकणारा असतो. कीज झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन हे बोलताना हातवारे करत खोलीभर फिरतो. स्वतःच्या कामावर इतकं मनापासून प्रेम करणारं पात्र गुन्हेपटांत क्वचित सापडतं. या प्रेमाने त्याचं लग्नही होऊ दिलेलं नाही. मुलीची चौकशी केली आणि ते तिथेच मोडलं.

तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडे फिलिस. नवऱ्याचा पाय मोडलाय, पण तो कॉलेजच्या स्नेहमेळाव्याला पालो आल्टोला जाणार आहे, आणि रेल्वेनेच. जमून आलंय. कीज समोर उभा असल्यामुळे नेफ तिला ‘मार्गी’ म्हणून बोलत राहतो. कीज घुटमळतो. त्याला वाटतं पोराचं काहीतरी प्रेमप्रकरण चाललंय.

दोन आमंत्रणं एकाच मिनिटात, एकाच खोलीत. एक कमी पगाराचं आणि कष्टाचं, दुसरं १,००,००० डॉलर्सचं. फोन खाली ठेवून नेफ कीजला नाही म्हणतो. माझ्या लेखी अपराध इथे घडतो. रेल्वेरुळांवर पुढे जे होतं ती अंमलबजावणी.

अंमलबजावणी

ती बिनचूक आहे. निघण्यापूर्वी नेफ आपल्या फोनच्या घंटेत एक कार्ड खोचतो, दाराच्या घंटेतही. परत आल्यावर कार्डं जागेवर असली तर समजायचं की कुणाचा फोन आला नाही, कुणी दार वाजवलं नाही. विमा विकणाराच्या डोक्यातली ही युक्ती आहे. धोका मोजून ठेवायचा.

खून मोटारीत होतो. मागे सीटसमोर खाली दबून बसलेला नेफ, पुढे नवरा-बायको. ठरल्याप्रमाणे ती तीनदा हॉर्न वाजवते. कॅमेरा नवऱ्याकडे वळतच नाही. तो फिलिसच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. शेजारी काय चाललंय ते आवाजांवरून कळतं, आणि ती समोर रस्त्याकडे बघत असते. तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. समाधान असावं. स्टॅनविकने तिथे याहून जास्त काही केलं नाही म्हणूनच ते सहन होत नाही.

मग पायाला बँडेज गुंडाळून, कुबड्या घेऊन नेफ डिट्रिक्सन बनून रेल्वेगाडीत चढतो आणि शेवटच्या डब्याच्या मागच्या उघड्या सज्जावर जातो. तिथे ओरेगनमधल्या मेडफर्डचा जॅक्सन नावाचा गप्पिष्ट गृहस्थ बसलेला. सिगार विसरल्याची सबब सांगून त्याला आत पिटाळायचं आणि गाडी मंदावली की उडी मारायची. खाली फिलिस मोटार आणि प्रेत घेऊन थांबलेली असते. प्रेत रुळांवर ठेवून दोघं निघतात, आणि मोटार सुरू होत नाही. एकदा, दोनदा, तीनदा. वाइल्डरला ही कल्पना स्वतःची गाडी बंद पडल्यावर सुचली, असं तो सांगत असे. त्या क्षणी आपणही मनात म्हणत असतो, हो गं बाई सुरू! दोन खुन्यांच्या बाजूने प्रेक्षकाला उभं करायला एक किल्ली पुरते.

क्लेम विभागात

कंपनीचा अध्यक्ष नॉर्टन ही आत्महत्या ठरवून पैसे नाकारू बघतो. कीज त्याला आकडेशास्त्राचे तक्ते ऐकवतो: आत्महत्या वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, वेळेनुसार, विषाने, त्यातही कुठल्या विषाने, उडी मारून, त्यातही कुठून. ताशी १५ मैलांनी सरकणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कुणी जीव दिल्याची नोंद एकाही तक्त्यात नाही. पैसे द्यावेच लागतील. नेफ शेजारी बसून ऐकतो. तो सुटलाय.

त्याच रात्री कीज त्याच्या घरी येतो, तो सुरुवातीचा प्रश्न घेऊन. पाय मोडला तेव्हा क्लेम का नाही टाकला? फिरता फिरता तो स्वतःच उत्तर देतो, की कदाचित आपला विमा उतरवलाय हेच त्याला ठाऊक नसेल.

हेच उत्तर आहे. पूर्ण प्रकरण या एका वाक्यात उलगडलंय.

आणि कीज ते टाकून देतो. कारण, वॉल्टर, पॉलिसी तू स्वतः त्याच्या हातात दिलीस ना? चेकही त्याच्याकडून घेतलास ना? नेफ हो म्हणतो. विषय संपतो.

क्लेमच्या कामात याला काय म्हणावं मला माहीत नाही, पण तपासाची भिंत नेमकी विश्वासाच्या जागी पोकळ आहे. सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस एकाच साक्षीदाराला उलटतपासणीशिवाय सोडतो. इतकंच नाही, नॉर्टन नेफवर नजर ठेवावी म्हणतो तेव्हा कीजने ध्वनिमुद्रित टिपणात सांगून ठेवलंय, की नेफला मी ११ वर्षं जवळून ओळखतो, त्याची हमी मी देतो. नेफ चोरून ते टिपण ऐकतो. फिलिसच्या कुठल्याही बोलण्याने त्याचा चेहरा असा उतरलेला नाही.

त्या रात्री कीज बाहेर पडतो तेव्हा फिलिस येऊन पोहोचलेली असते. फ्लॅटचं दार बाहेरच्या बोळात उघडतं आणि ती त्या उघड्या दाराआड उभी राहते. असं दार इमारतींत सहसा नसतं हे चाणाक्ष प्रेक्षक दाखवून देतात. असू दे. दाराच्या एका बाजूला कीज काडी मागतोय, दुसऱ्या बाजूला ती मूठ ओढून धरून आहे, आणि नेफ मधे. छायाचित्रणकार जॉन साइट्झने ते एकाच चौकटीत बसवलंय.

दुसरी गोळी

शेवटी दोघं एकमेकांना संपवायला डिट्रिक्सनच्या बंगल्यातल्या दिवाणखान्यात भेटतात. ती आधी गोळी झाडते. तो जखमी होतो, पुढे येतो, म्हणतो झाड दुसरी. ती झाडत नाही. ती सांगते, की मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नाही, कुणावरच नाही. मिनिटभरापूर्वी दुसरी गोळी झाडता आली नाही, तोवर तर नाहीच. तो विश्वास ठेवत नाही. मिठीत घेऊन दोन गोळ्या घालतो.

ती खरं बोलत होती का? मला वाटतं, बोलत होती. इतका वेळ तिने जे जे खोटं बोललं ते काहीतरी मिळवायला. इथे तिच्या हातात पिस्तूल होतं आणि समोर निःशस्त्र माणूस. मिळवायचं होतं ते झाडून मिळालं असतं. गोळी रोखणारी ती आहे, झाडणारा तो. ‘घातकी बाई’ या शिक्क्याखाली ही नोंद पुसली जाते, म्हणून ती इथे ठळक करून ठेवतो.

बंद केलेलं दृश्य

रक्त गळत असताना नेफ रात्री ऑफिसात येतो, १६ जुलै १९३८ अशी तारीख सांगून यंत्रात कबुली भरतो. ती पोलिसांना उद्देशून नाही, फिलिसबद्दल असूनही तिच्यासाठी नाही. ती कीजला दिलेली आहे. चित्रपटभर नेफ अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून कीजचा सिगार शिलगावतो, कारण कीजच्या खिशात कधीच काडी नसते. पहाटे दारापाशी कोसळलेल्या नेफला सिगारेट ओढायची असते आणि हात चालत नाहीत. कीज खाली वाकून त्याच्यासाठी काडी पेटवतो.

यानंतरचा शेवट वाइल्डरने प्रत्यक्ष चित्रित केला होता: कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातली मृत्युदंडाची गॅस चेंबर, आत नेफ, काचेपलीकडून बघणारा कीज. त्या दृश्यावर सुमारे १,५०,००० डॉलर्स खर्च झाले. वाइल्डरने ते काढून टाकलं. चित्रपट काडीच्या उजेडात संपतो. गॅस चेंबरची काही स्थिरचित्रं तेवढी उरली आहेत.